लंकावीतला कावळा

आमचे सर्जेराव म्हणजे एसटीचा जुना गिअर, हलवल्याशिवाय हलत नाहीत. मुकुंदवाडीत आमची दारं समोरासमोर. उभी नोकरी कन्नडच्या घाटात गाडी चढवण्या-उतरवण्यात गेली. पण घरात हॉर्न वाजवायचं काम केसरबाईंचं. दोन डोंगरांमध्ये टांगलेला पूल त्यांनी मोबाईलवर पाहिला, तेव्हापासून गिरणीत दळण टाकायला गेल्या तरी परदेशातल्या त्या लंकावी बेटाच्याच गप्पा. शेवटी गल्लीतल्या मंडळींच्या सहलीत दोघांची नावं दिली. आणि सहलीआधीच, वाळवणाच्या दोरीपाशी बाई कोसळल्या. संपलं.

दहाव्याला कायगावला गोदेकाठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना.

"आकाशचं लगीन औंदाच उरकू," केसरबाईंचे दीर म्हणाले. आकाश म्हणजे सर्जेराव-केसरबाईंचा मुलगा. कावळा नाही.

"माहेरच्या देवीला साडी नेसवू," केसरबाईंची बहीण म्हणाली. नाही.

मी म्हटलं, "केसरबाई, तुमच्या नवऱ्याला रोज भाजी देईन. त्यांच्याशी गप्पा मारायचं मात्र आपल्याच्यानं जमणार नाही!" चार जण हसले. कावळे बसूनच.

सर्जेराव हात जोडून गप्प उभे. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला आणि आम्ही जीपमध्ये बसलो. निम्मी वाट मागं पडल्यावर सर्जेराव म्हणाले,

"वहिनी, बेटाचं बोलायचं ऱ्हायलंच."

झालं. तिची इच्छा तीच होती आणि आपण ती बोललोच नाही, हे त्यांच्या डोक्यात बसलं. "दादा, वरीस बी झालं नाय, लोक काय म्हणतील?" असं आकाश बापाला म्हणाला. "म्हणू दे," एवढंच उत्तर. म्हणून ते आमच्याबरोबर आले.

विमानात गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, सासुरवाडीला पहिल्यांदा आलेल्या जावयासारखे. मी विचारलं, "भावजी, ड्रायव्हर कसा चालवतोय?"

"दिसत नाय."

ज्या पुलासाठी केसरबाईंनी गल्लीचं डोकं खाल्लं होतं, तो सर्जेरावांनी क्रांती चौकात रस्ता ओलांडावा तसा ओलांडला. खाली हिरवं रान, लांबवर समुद्र, पायाशी ढग.

"कसा वाटला?"

"पूल हाय."

दुसऱ्या दिवशी गाईडनं महसुरीच्या कबरीपाशी नेलं. खोटा आळ घेऊन या बाईला मारलं, अंगातून पांढरं रक्त आलं, मरताना तिनं बेटाला सात पिढ्यांचा शाप दिला, असं त्यानं हिंदीत रंगवून सांगितलं. बायका हळहळल्या. सर्जेरावांनी अख्ख्या सहलीत एकच प्रश्न विचारला, तो तिथं:

"उसके पिंड को कव्वा शिवा था क्या?"

"सर?" गाईड बघतच राहिला. एरवी मी यावर आठवडाभर चेष्टा चालवली असती. तिथं मीच गाईडला म्हटलं, "कुछ नहीं, आगे चलो."

शेवटच्या सकाळी हॉटेलच्या नाश्त्यातला पांढरा भात त्यांनी केळीच्या पानावर घेतला, वर दही घातलं आणि किनाऱ्यावर गेले. मी चहाची कपबशी आणि बिस्किटं घेऊन मागोमाग. माडाखाली वाळूवर पान ठेवून ते उभे राहिले.

"केसर, हे तुझं बेट. पूल बी बघितला. अजून काय ऱ्हायलं असंल तर सांग."

त्यांचं बोलणं संपायच्या आतच कावळा उतरला. सरळ पानावर. चोच मारली, पुन्हा मारली. माझे डोळे भरून आले.

"शिवला, भावजी!"

"व्हय."

त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. कावळा तिथून उडाला तो शेजारच्या खुर्चीवरच्या गोऱ्या बाईच्या ताटात. तिचा टोस्ट उचलला. मग माझ्या बशीतलं बिस्कीट. सर्जेराव हे सगळं बघत होते.

"पर ह्यो समद्यांचंच खातोय, वहिनी."

मी उरलेली बिस्किटं हातानं झाकली.

तेवढ्यात आकाशचा फोन आला. स्पीकरवर त्याचा आवाज: "दादा, आईचं झालं का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "झालं," म्हणाले आणि फोन खिशात टाकला.

वर रस्त्यावर बस लागली होती, मंडळी हाका मारत होती. मी म्हटलं, "चला भावजी."

"तुमी व्हा पुढं." त्यांनी पानावरचा विस्कटलेला भात बोटांनी गोळा केला. "एखादा निस्ता हिच्यासाठी आला तर."

मी मंडळींना हातानंच थांबायची खूण केली आणि थोडं अंतर ठेवून वाळूत बसले.