मडावी काकांचं आंबट रक्त

डायलिसिसच्या मशीनवर माणूस चार तास एका जागी. पळणार कुठे? मग बोलतो. रक्तातली घाण मशीन काढते, किस्से मात्र आम्हा सिस्टरांच्या डोक्यात साचत जातात!

आमच्या गोंदियातल्या छोट्या दवाखान्यातले सगळ्यात जुने पेशंट म्हणजे दरेकसा गावचे मडावी काका. सारी हयात जंगलातल्या मजुरीत गेली. पहिल्याच दिवशी डॉक्टर समजावत होते, "किडनीतल्या पेशी रक्तातलं जास्तीचं आम्ल लघवीत ढकलतात, कामाचा सोडा रक्तात परत पाठवतात. तुमच्या पेशी रिटायर झाल्या."

काका छताकडे पाहून म्हणाले,

"आमी त सेंडऑफबी नाई देला!"

*

डॉक्टरांनी सोड्याच्या गोळ्या लिहिल्या. पुढच्या खेपेला विचारलं, "गोळ्या घेता ना?"

"गोळ्या कायले? सोडाच घेऊन राहिलो."

"कशातून?"

"भज्यातून."

*

आमच्याकडे डायलिसिस आणि कॅज्युअल्टीच्या मध्ये फक्त एक हिरवा पडदा. एकदा बिरसीच्या विमानतळावरून पायलट ट्रेनिंगची मुलगी आणली. पहिल्यांदाच एकटीनं विमान उडवायचं होतं. भराभर श्वास, बोटं वाकडी. "सिस्टर, मैं मर रही हूँ!"

"कुछ नहीं होगा," डॉक्टर म्हणाले. "धीरे साँस लो. साँस से कार्बन डायऑक्साइड ज्यादा निकल गया, खून में एसिड कम हो गया."

पडद्याआडून काका बोलले, "डॉक्टरसाब, तिले कमी, मले जास्त. आमचं रगत मिसळवून टाका न!"

मुलीला हसू आलं. श्वास हळू झाला, मग बोटंही सरळ झाली. केसपेपरवर उपचार काय लिहावा, हे डॉक्टरांना सुचेना.

*

कचारगडच्या यात्रेपायी काकांनी एकदा डायलिसिस चुकवलं. आले ते धापा टाकतच.

"दम काऊन लागला?" मी विचारलं.

"गड चढलो."

"खोटं बोलून राहिले!" सोबत आलेल्या काकू म्हणाल्या. "खालीच बसले होते."

डॉक्टर रागावले नाहीत. त्याचीच मला भीती वाटली. "आम्ल काढायचं किडनीचं काम फुप्फुसं करून राहिली," एवढंच म्हणाले. "मशीन लावा, लवकर."

काकू पायाशी बसल्या. हळूहळू धाप उतरली आणि काका एकदम शांत झाले. घरापासून तो धापेचा आवाज ऐकत आलेल्या काकू दचकल्या. "उठा न जी! श्वास घ्या न!" म्हणत त्यांना गदागदा हलवू लागल्या. मी धावले.

काकांनी एक डोळा उघडला. काकूंकडे नीट पाहिलं.

"सिस्टर, हिलेच लावा मशीन. माह्याहून जास्त धापा टाकून राहिली!"