उंदरांची प्रकृती

कॅन्सरवर औषध सापडल्याची बातमी तुम्ही आजवर किती वेळा वाचलीत? आईला केमोला नेताना हॉस्पिटलच्या रांगेत नंदाखाल गावचे एक केळीवाले काका भेटत. घशाचा कॅन्सर, आवाज घोगरा. त्यांचे नातलग अशा बातम्यांची कात्रणं पाठवत, काका त्यांत केळी गुंडाळत आणि मला विचारत, “काय रे, यंदा पन उंदीरच बरे झाले?”

एकदा अर्नाळ्याची एक कोळीण रांगेतून उठली. “पुरे आता. मी घरा जाते.” काकांनी पिशवीतलं कात्रण तिला मोठ्याने वाचून दाखवलं, फक्त ‘उंदरांवर’ हा शब्द गाळून. ती परत बसली.

“खोटं वाचलंत,” मी पुटपुटलो.

“बसली ना?”

ओळखीचं कुणी केमोला निघालं, तर कृपया बातम्या पाठवू नका. सोबत जा.