रेडकाचं कातडं

दुकानात आले की सर आधी चप्पल बाहेर काढायचे, मग शर्टाची बाही वर सारायची, रेक्झिनचा एखादा तुकडा कोपराभोवती गुंडाळायचा आणि हात वाकवायचा. सरळ करायचा, पुन्हा वाकवायचा. मग मान हलवून म्हणायचे, "सुरकुती खोटी पडतेय."

भोरच्या बाजारात माझं सीटकव्हरचं दुकान आहे. मोटारसायकलची सीट, टेम्पोची गादी, असली कामं. आमच्या धंद्यात सुरकुती पडली की गिऱ्हाईक भांडायला येतं. सुरकुतीच हवी म्हणणारं गिऱ्हाईक मला आयुष्यात एकच भेटलं, आणि तेही अर्ध्या मीटरच्या वर माल कधी न्यायचं नाही.

सर शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली, आणि रिकामा वेळ त्यांच्या डोक्यात शिरला. आमच्या गल्लीतल्या गणपतीसाठी ते हलते देखावे करू लागले. आत लोखंडी सळ्या, टेम्पोच्या वायपरची मोटर, सायकलची चेन. वरून कातडं. आतल्या भागाबद्दल ते दोन वाक्यं बोलायचे आणि कातड्याबद्दल माझा चहा थंड होईपर्यंत. "आतलं कोणीही करेल हो शेठ. जिवंतपणा असतो तो कातड्यात." असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याला काही येत नाही असं नसतं, पण जे येतं त्यावाचून कोणाचं काही अडत नाही.

एका वर्षी त्यांनी मगर केली. तिच्यासाठी मखमल पाहिली, सायकलच्या ट्यूब चिरून पाहिल्या, फोम रंगवून पाहिला आणि शेवटी माझ्याकडचं हिरवं रेक्झिन नेलं. आरती झाल्यावर बटण दाबलं. मगरीने जबडा उघडला तो उघडलाच, मिटायचं नाव नाही. पोरं त्यात चुरमुरे टाकू लागली. दुसऱ्या दिवशी सर मला सांगायला आले की तुमचं रेक्झिन ताठ आहे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

एकदा आम्ही एकाच एसटीत होतो. पुढच्या सीटवर एक म्हातारे बाबा दांडा धरून बसले होते. सरांनी त्यांना विनंती केली, जरा कोपर वाकवून दाखवता का. बाबांनी बिचाऱ्यांनी वाकवून दाखवलं आणि कशाला म्हणून विचारलं. हत्ती करतोय, असं सर अगदी आदराने म्हणाले. बाबा उठून मागे जाऊन बसले.

सरांची धाकटी बहीण वर डोंगरात हिर्डोशी गावी दिलेली. नवरा वारलेला, मुलगे पुण्यात. थोडं भात, थोडी नाचणी आणि एक म्हैस घेऊन ती वर एकटी राहायची. खाली ये म्हणून मुलगे मागे लागलेले, सरही दर दिवाळीला तेच सांगायचे. म्हैस दुभती आहे तोवर येणार नाही, एवढंच तिचं उत्तर असायचं.

मग म्हैस व्याली आणि थोड्याच दिवसांत रेडकू गेलं. म्हैस पान्हा सोडेना. धारेला बसलं की पाय झाडायची. मुलांनी ठरवून टाकलं, आटली की विकायची आणि घराला कुलूप लावायचं.

अशा वेळी आपल्याकडे काय करतात ते तुम्हाला ठाऊक असेल. मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरतात आणि ते म्हशीपुढे ठेवतात. म्हैस त्याला चाटते आणि दूध देते. सरांच्या बहिणीला ते करवलं नाही, तिने रेडकू बांधाला पुरलं. सरांना हे फोनवर कळलं आणि त्यांच्या अंगात आलं. मी शटर उघडतोय तोवर ते दारात उभे. रेडकू करायचं होतं. कान हलवणारं, ढुशी देणारं.

"सर, म्हैस नाकाने ओळखते," मी म्हणालो. "ती काही गणपती बघायला निघालेली नाही."

"कातडं जमलं तर नाकही फसतं," सर म्हणाले. असल्या माणसापुढे काय डोकं फोडायचं?

काळं रेक्झिन चकाकतं म्हणून गेलं. मखमल लोडाला शोभेल म्हणून गेली. ट्यूबला रबराचा वास येतो, हे मात्र त्यांचं त्यांना कळलं. शेवटी तपकिरी फरचं एक ब्लँकेट पसंत पडलं. ते त्यांनी दगडाने घासून जुनं केलं, गुडघ्याशी आणि मानेशी चुण्या घातल्या आणि मी शिव्या देत शिवून दिलं. मीच माझ्या टेम्पोतून त्यांना वर घेऊन गेलो. फजिती बघायला गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

बहिणीने रेडकू पाहिलं आणि आतून एक मळकं पोतं आणलं. आजारी रेडकू त्याच पोत्यावर निजायचं. "दादा, ह्ये टाक त्याच्यावर. तिला वास यील."

सरांनी पोतं दोन बोटांत धरलं. एवढ्या मेहनतीच्या कातड्यावर पोतं टाकायचं त्यांना पटेना. त्यांनी ते बाजूला ठेवलं, रेडकू म्हशीपुढे उभं केलं आणि बटण दाबलं. मोटर घुरघुरली, कान हलला. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो म्हणतात, म्हशीला शब्द कुठून येणार? तिने मान खाली घातली आणि शिंगाने ते रेडकू भिंतीवर फेकलं, सर मागच्या मागे मातीत आपटले. फर फाटून सळ्या बाहेर आल्या. एक कान तसाच हलत राहिला. मी हसून हसून गव्हाणीवर बसलो.

बहीण हसली नाही. तिने भावाच्या अंगावरची माती झटकली. "उगा दमलास दादा. इकू म्हस. येते मी खाली."

इतकी वर्षं जे ऐकायचं होतं तेच सरांनी ऐकलं होतं. तरी ते खाली उतरले नाहीत. रेडकू दुरुस्त करायला म्हणून वरच राहिले.

पुढचं मला त्यांच्या बहिणीने सांगितलं. थंडीत ते गोठ्यात बसून सळ्या वाकवायचे. गारठतील म्हणून तिने ते पोतं त्यांच्या पाठीवर टाकलं. एका पहाटे पेचकस घेऊन ते म्हशीपुढे उकिडवे बसलेले, तर म्हशीने मान लांब केली आणि त्यांची पाठ चाटायला सुरुवात केली. मग मान, मग टक्कल. बहीण चरवी घेऊन बसली आणि दूध आलं. सर पेचकस तोंडात धरून तसेच बसून राहिले.

तेव्हापासून दोन्ही वेळा धारेला सर हजर. ते नसले की म्हैस दूध चोरायची. त्यांच्या भोरच्या घराला कुलूप लागलं. मंडळाने देखाव्याऐवजी लाइटची कमान लावली, आणि ती सगळ्यांना जास्त आवडली. चित्रकलेचे सर शेवटी रेडकू म्हणून नोकरीला लागले, हा विनोद मी दुकानात वर्षभर पुरवला.

यंदा म्हैस पुन्हा व्याली. चांगली धडधाकट पारडी झाली. सर आता येतील असं आम्ही धरून चाललो, पण ते आले नाहीत. म्हणून मीच वर गेलो. मला त्यांची आठवण येत होती. लिहायला लाज वाटते, पण येत होती.

संध्याकाळची धार चालली होती. पारडी पिऊन झाली होती आणि म्हशीपुढेच बांधलेली होती. म्हैस डोळे मिटून तिला चाटत होती. दुसऱ्या बाजूला सर उभे होते, पाठीवर पोतं, मान वाकवलेली, अगदी स्तब्ध. म्हशीने एकदाही त्यांच्याकडे तोंड वळवलं नाही. सर आपले उभेच.

बहीण भरली चरवी घेऊन बाहेर आली आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "तिला आता दादा लागत न्हाई. पन त्याला सांगायचं कुनी?"

आतून सरांनी मान न हलवता विचारलं, "शेठ, दूध बरं आलंय का?"

"भरपूर आलंय सर," मी म्हणालो. "तुम्ही उभे होतात म्हणून आलं."