हात ऐकू येईल असं पेडल

राजपुऱ्यात जुनी वाद्यं विकणाऱ्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. एके काळी तो लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. लकव्यानंतर उजव्या हातात जोर उरला नव्हता.

मला गिटारला जोडायचं कंप्रेसर पेडल हवं होतं, हळू छेडलेला सूरही उचलून धरणारं. त्याने दोन पेडलं पाळीपाळीने जोडली. अंगठ्याने तार जेमतेम छेडायचा आणि सूर विझेपर्यंत डोळे मिटून ऐकायचा.

"भाऊ, ज्याच्यात माझा हात सुनाई देईल, तेच घ्या."

पहिल्यात सूर लगेच विझला, दुसऱ्यात भरून आला. मी पैसे दिले. वायर काढण्याआधी त्याने विचारलं, "एक बार अजून वाजवू?"

त्याने अख्खं गाणं वाजवलं. तरीही मी ते पेडल घेऊन आलो. त्याच्याकडे गिटार आणि ते पहिलं पेडल तेवढं उरलं.