पडद्यामागचे फेरे

माझा थोरला भाऊ नाटक कंपनीबरोबर पळून गेला तेव्हा आई म्हणाली होती, "जाईल कुठं, भूक लागली की यील." तो आला नाही. पुढे मुंबईकडे तापाची साथ आली आणि त्याची खबरबातही थांबली. त्यातच बाजारात कुणीतरी सांगितलं, त्याच्या नाटकाचा सिनेमा झालाय, त्यात तोच नायक आहे आणि भोरला तंबूत दाखवतायत. घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती. मी नुकतीच सासरहून जत्रेला माहेरी आले होते, म्हणून मला भोरचा बाजार दाखवायचं निमित्त करून आई वेल्ह्याकडून गाडीने निघाली. पोरगा जिवंत आहे का, एवढंच तिला बघायचं होतं.

तंबूत मधोमध ओला पडदा होता. पुढे पुरुष, मागे आम्ही बायका. चित्र आरपार दिसायचं. मध्येच अक्षरं यायची आणि पुढचा एक माणूस ती मोठ्याने वाचायचा. आमच्या बाजूने ती उलटी दिसायची म्हणे. आम्हाला सुलटी तरी कुठे येत होती.

भाऊ दिसला तशी आईने माझं मनगट धरलं. त्याने तोंड उघडलं, गातच असणार, पण आवाज नाही. ज्या गळ्यापायी घर सुटलं तो गळाच मुका. मला ते बघवेना. पण गोष्ट ओळखीची होती, कंपनीचं नाटक आम्ही गावात पाहिलं होतं. नाटकात शेवटी लग्न लागायचं, तसंच इथेही लागलं, आणि मला जरा धीर आला.

मग नवरा-नवरी होमाभोवती फिरू लागली आणि आईने माझं मनगट आवळलं. अग्नी डाव्या हाताला होता. असे उलटे फेरे आपल्यात चितेभोवती घालतात, खांद्यावर मडकं घेऊन. माझ्या लग्नाचे फेरे अजून ताजे होते. त्यात अग्नी उजव्या हाताला होता.

"त्यो न्हाई ऱ्हायला गं," आई म्हणाली. "म्हनून मुका फिरतुया."

भीतीने मला जागेवर बसवेना. लाजलज्जा गुंडाळून ठेवून मी पडद्याकडेच्या कनातीखालून पुरुषांच्या बाजूला गेले. तिथे अग्नी उजव्या हाताला होता, अगदी रीतसर. मी धावत मागे आले आणि आईला ओढलं. "आई, मागनं उलटं दिसतंय. पुढनं समदं सरळ हाय, चल."

"बायका हितं कशाला?" एक म्हातारा खेकसला. आईने तिकडे बघितलंही नाही.

तोवर फेरे संपले होते. सिनेमावाल्यांनी नाटकाचा शेवट बदलला होता, ते आम्हाला काय ठाऊक. भाऊ सरणावर होता. डोळे मिटलेले, छातीवर फुलं.

आई बघत राहिली. मग माझ्याकडे वळून तिने हळूच विचारलं, "हे बी उलटंच हाय ना गं?"

आम्ही सरळ बाजूला उभ्या होतो. "व्हय," मी म्हणाले.