खर्पुडीच्या तीन कुंड्या

विद्यापीठाच्या वनस्पती बागेचा प्रभार मिळाल्यावर मी पहिलं काम काढलं ते बागेला शिस्त लावायचं. नांदेडच्या एप्रिलात शिस्त म्हणजे वाळलेलं उचलून फेकणं, एवढीच माझी समज. पीएच.डी. वनस्पतिशास्त्रातली होती, पण ती शेवाळावर.

बाग मुरमाड माळावरची. आधीच्या प्राध्यापकांनी किनवटच्या जंगलातून, देगलूरच्या माळांवरून पोत्यांत बांधून, एसटीच्या टपावर टाकून एकेक रोप आणलेलं. कुठलं कुठून आलं ते सगळं माळीमामांच्या डोक्यात. मामा नायगावकडचे, श्रावण सरला की निवृत्त होणार. त्या दिवशी नेमके रजेवर.

सावलीघरात तीन कुंड्यांत नुसती कोरडी माती होती, पाट्या गंजलेल्या. खुरप्यानं माती मोकळी करून खतखड्ड्यात उपड्या केल्या, तर दोनांतून सुपारीएवढे चपटे कंद घरंगळले. ते मी लगेच ओळखले. लहानपणी मुरुडच्या शिवारात गुरांमागे हिंडताना हेच उकरून खायचो. मातीबरोबर आले असतील, असं म्हणून नळाखाली धुतले आणि खाल्ले. चव तीच, काकडी आणि ओल्या शेंगेच्या मधली.

दुसऱ्या दिवशी मामांनी विचारलं, "सर, खर्पुडीच्या कुंड्या कुठं हायत?"

"त्या रिकाम्या होत्या, मामा."

"रिकाम्या न्हाई, निजल्या होत्या. उन्हाळ्यात वेल मरतो, कंद खाली जिता राहतो. कंद कुठं हायत?"

"गोड होते," मी म्हणालो.

मामा बराच वेळ माझ्या पोटाकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "ज्या टेकडीवरून आणले तिथं आता खडी फोडून राहिलेत. परत कुठून आणू? जायच्या आत एकदा फूल बघावं म्हणलं होतं."

तिसऱ्या कुंडीतला कंद खड्ड्यातच असणार होता. आम्ही दोघं चाळणी घेऊन बसलो. मला करवंट्या, खिळे, कुणाचा तरी चष्म्याचा दांडा मिळाला. दुपार कलल्यावर मामांच्या हाताला कंद लागला, एका बाजूनं माझ्या खुरप्यानं कापलेला. त्यांनी जखमेला राख लावली आणि नव्या कुंडीत पुरला.

आत काय चाललंय या उत्सुकतेनं मी रोज जाऊन बोटानं माती उकरून बघायचो. चौथ्या दिवशी कुंडीवर तारेची जाळी बसली. "कंद हाय, सर. तहसील न्हाई रोज चकरा मारायला."

श्रावणात दोऱ्यासारखा वेल काठीवर चढला आणि मामांना दहा दिवस उरले असताना फूल उमललं. बोटाच्या पेरापेक्षा लहान, कंदिलासारखं. आत एक चिलट अडकलं होतं.

"मरंल का ते?" मी विचारलं.

"न्हाई. आत उलटी केसं हायत, म्हणून बाहेर येता येत न्हाई. उद्या केसं सुकली की सुटंल, पराग घेऊन."

हे खरं तर मी त्यांना सांगायचं. मी जमिनीवर उकिडवा बसलो. मामांनी जाळी काढली.

"जवळून बघा, सर," ते म्हणाले. "फक्त तोंड मिटून."