मेंढरांचा खरा आकडा

कन्हेरीच्या लीलाबाईंना कुणी विचारलं, की तुमची मेंढरं किती, तर त्या दुसरीकडंच बघत म्हणायच्या, "हायती की, बिरोबाच्या किरपेनं." धनगराच्या घरात जन्मलेलं माणूस मेंढरांचा आकडा तोंडातून काढत नाही. काढला की नजर लागते आणि एकेक करून कमी व्हायला लागतात, असं सगळे मानतात. फारच कुणी खनपटीला बसलं तर निम्मी-पाव सांगून त्याला वाटेला लावायचं.

या रीतीनं आजवर कुणाचं वाकडं झालं नव्हतं. युरोपातल्या एका सरकारच्या मदतीतून गावात लसीचा फ्रिज यायचा होता, तेव्हा तर ती उपयोगीच पडली. पाहणीला आलेल्या बाईंना सगळ्यांनी कमी आकडे सांगितले आणि बाई बिचाऱ्या हळहळल्या. फ्रिज आला. लीलाबाई सुई टोचायला शिकल्या आणि फ्रिजच्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला लागली. त्याआधी एका साथीत त्यांचा निम्मा कळप आडवा झाला होता. मेलेली मेंढरं खड्ड्यात ढकलताना त्या ढसाढसा रडल्या होत्या. पुन्हा ही पाळी येऊ द्यायची नाही, हे त्यांनी तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं. बारामतीपासून इंदापूरपर्यंतचे कळप कोकणात उतरायच्या आधी आता त्यांच्याकडं लस घ्यायला येत होते.

मग त्या सरकारनं परदेशांना द्यायच्या मदतीला कात्री लावली. तिकडं कुणाचं काय बिनसलं, ते कन्हेरीला कोण सांगणार? लस या हंगामापुरतीच, एवढा निरोप आला. त्याच्या मागोमाग एका खाजगी कंपनीचा माणूस आला, नागेश. पोरगा इंदापूरचाच, त्यामुळं दुसऱ्यांदा चहा मागायला लाजला नाही. पण कंपनीचं गणित त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं.

"मावशी, कंपनी पैसा गुंतवायला तयार हाय. जनावरामागं तुमी थोडी फी द्यायची, त्यावर फ्रिज, लस सगळं चालंल. पन जुन्या पाहणीत मेंढरंच इतकी कमी दिसत्यात, की सायेब लोक न्हाय म्हनत्यात."

 ते आकडे सगळ्यांनी मिळून सांगितले होते, आणि सगळ्यांत पुढं लीलाबाई स्वतः होत्या.

संध्याकाळी त्या गेणबांकडं गेल्या. गेणबा त्यांचे चुलत सासरे आणि तिथल्या कळपवाल्यांत सगळ्यांत वडीलधारे. त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे.

"आबा, खरं आकडं सांगावं लागत्याल."

"आजवर कमीच सांगितलं. काय बिघडलं?"

"तवा मदत हुती. मदत देनारा बघतो, तुमच्याकडं काय न्हाय. पैसा गुंतवनारा बघतो, तुमच्याकडं काय हाय. त्याच्याफुडं रडगानं गाऊन काय उपेग?"

गेणबांनी सावकाश तंबाखू मळली. "मी न्हाय सांगनार. तूबी सांगू नगंस. काय इपरीत झालं तर बिरोबाला काय तोंड दावशील?"

सासऱ्यांशी वाद घालायची लीलाबाईंना सवय नव्हती, आणि त्यांचं ऐकायची या वेळी तयारीही नव्हती. रविवारी आकडे लिहून घ्यायला आलेल्या नागेशसमोर सगळे माळावर जमले, तेव्हा त्या पदर खोचून उभ्या राहिल्या.

"माजी एकशे चाळीस," त्या म्हणाल्या.

बायकांनी तोंडाला पदर लावला. बाकी कुणी आपला आकडा सांगितला नाही. एकटीच्या आकड्यावर काही होणार नाही, पुढच्या रविवारी शेवटचं येतो, असं सांगून नागेश गेला.

आणि मधल्याच एका दिवशी लीलाबाईंची गाभण मेंढी ओढ्याकाठी साप चावून मेली. गावभर झालं, की आकडा काढला आणि मेंढी गेली. लीलाबाईंना तिच्या जाण्याचं वाईट वाटलं. भीतीही वाटली, नाही कशाला म्हणा? पाणी भरायला गेल्या की बायका बोलायच्या थांबत. त्या मान खाली न घालता हंडा भरून परत येत.

रविवारी माळ आधीपेक्षा जास्त भरला. बाई आता शब्द कशी फिरवते, ते बघायचंच होतं सगळ्यांना. गेणबाही काठी टेकत येऊन बसले.

"मावशी, तोच आकडा धरू का?" नागेशनं विचारलं.

"न्हाय," लीलाबाई म्हणाल्या.

माळावर कुजबुज झाली. त्यांनी ती थांबू दिली.

"एकशे एकोनचाळीस लिव. एक साप चावून मेली. सापावर आपल्याकडं लस न्हाय, साथीवर हाय. ती मी बंद पडू देनार न्हाय. उद्या आनखी एक मेली, तरी उरल्याली मोजून सांगीन."

त्या खाली बसल्या.   मग गेणबांनी घसा खाकरला.

"पोरा, माजी लिव. दोनशे सत्तर."

शेजारी बसलेल्या त्यांच्या थोरल्या लेकानं चमकून बापाकडं बघितलं. जन्मभर त्या कळपामागं चाललेल्या त्या माणसानंही तो आकडा बापाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला होता.